आधी स्प्रिंग, मग क्लिकर: स्पोर्ट क्वाडचे शॉक कसे निवडावेत, कसे लावावेत

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत शनिवारी संध्याकाळी शॉकची, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंग आणि तेलाच्या नळ्यांची, खरी परीक्षा होते. सकाळी सपाट असलेल्या वाटा दिवसभराच्या गर्दीने उकरल्या जातात आणि गुडघाभर उंचवट्यांची रांगच्या रांग तयार होते. इथे त्यांना व्हूप्स म्हणतात. सकाळी लोण्यासारखी चालणारी क्वाड (चार जाड टायरांची, हँडलने वळवायची उघडी गाडी) त्या रांगेत शिरली की पाचव्या-सहाव्या उंचवट्यावर मागून उसळते, हँडल हातातून सुटू पाहतं आणि कॅम्पवर परतेपर्यंत मनगटं भरून येतात. मग माणूस फोन उघडून नवे शॉक शोधायला लागतो.

मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: "कोणते घेऊ? फॉक्स की एल्का?" दोन्ही शॉक बनवणाऱ्या कंपन्या. या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्यांदा देतच नाही. आधी विचारतो, वजन किती, कुठे चालवतोस आणि आत्ताच्या शॉकमधलं तेल शेवटचं कधी बदललंस? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात.

शॉक बदलायचे की दुरुस्त करायचे

यामाहाची स्पोर्ट क्वाड वायएफझेड४५०आर २००९ साली आली. तिचे पुढचे-मागचे शॉक रिझर्व्हायरसकट, म्हणजे तेल-वायूच्या जादा डब्यासकट, येतात. त्यांना प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची), रिबाउंड (दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो) आणि हाय व लो स्पीड कॉम्प्रेशन (शॉक दबताना तेलाचा अडसर) असं सगळं कारखान्यातूनच जुळवता येतं. चाकाची हालचाल पुढे ९.८ इंच, मागे ११ इंच. अशी क्वाड असेल आणि तुम्ही शर्यतीत उतरत नसाल, तर नव्या शॉकवर पैसे घालू नका. तेच शॉक चांगल्या सस्पेन्शनवाल्याकडून उघडून घ्या, तुमच्या वजनाची स्प्रिंग बसवा, आतलं व्हॉल्व्हिंग, म्हणजे तेलाचा प्रवाह अडवणारी रचना, तुमच्या वापराप्रमाणे करून घ्या. खर्च नव्या संचाच्या मानाने बराच कमी येतो आणि फरक पहिल्या फेरीतच कळतो.

होंडाच्या टीआरएक्स४००ईएक्सचं गणित वेगळं आहे. १९९९ च्या मॉडेलपासून आलेली ही अत्यंत टिकाऊ क्वाड आजही जुन्या बाजारात भरपूर मिळते. पण तिच्या पुढच्या साध्या शॉकला प्रीलोडपलीकडे काही जुळवता येत नाही. अशा क्वाडवर बाहेरचे शॉक घेण्यात अर्थ आहे, कारण पुढे फिरवायला मुळात फारसं काही नाहीच.

नवा संच म्हणजे पुढचे दोन आणि मागचा एक. चांगल्या प्रतीचा संच दोन-तीन हजार डॉलरच्या घरात सहज जातो. एकदम जमत नसेल तर पुढचे दोन आधी घ्या. हातांना त्रास देणारे तेच असतात.

ऑर्डर देण्याआधी कागदावर लिहायच्या गोष्टी

हेल्मेट, बूट, छातीचं चिलखत, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर चढवून वजनकाट्यावर उभे राहा. स्प्रिंग त्या वजनावर ठरते, आंघोळीनंतरच्या वजनावर नाही. माझं वजन ६८ किलो, सगळं घालून ७८ भरतं. इथले शॉकवाले पौंडात विचारतात, म्हणजे १७२.

मग कुठे चालवता ते प्रामाणिकपणे लिहा. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर उंच उड्या आणि सपाट वळणं असतात, त्यामुळे क्वाड खाली बसलेली आणि शॉक कडक हवेत. झाडीतल्या दगडमुळांच्या वाटेवर क्वाड उंच हवी आणि सुरुवातीची हालचाल मऊ. वाळूत लांब व्हूप्स असल्याने मधली आणि शेवटची हालचाल महत्त्वाची. एकच शॉक तिन्ही ठिकाणी उत्तम चालेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर्षातले ८० टक्के दिवस जिथे जातात ती जागा लिहा.

तिसरी नोंद ए-आर्मची, म्हणजे पुढचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या आर्मची, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मूळ लांबीच्या आर्मचे शॉक आणि लाँग ट्रॅव्हल (चाकाला जास्त हालचाल देणाऱ्या) आर्मचे शॉक एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लाँग ट्रॅव्हल आर्मवर शॉकची खालची जागा वेगळी असते आणि शॉकही लांब असतो. कुणी तुम्हाला "प्लस दोन, प्लस एक" सांगितलं, तर त्याचा अर्थ आर्म मूळपेक्षा २ इंच रुंद आणि १ इंच पुढे. रुंदी वाढली की शॉकवर येणारी तरफही बदलते. सर्वसाधारणपणे चाक २ इंच वर जातं तेव्हा पुढचा शॉक १ इंचाच्या आसपास दबतो. अशा १:२ प्रमाणात १२० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकाशी फक्त ३० पौंडांची वाटते, कारण प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो. म्हणून मित्राच्या क्वाडवर मस्त चालणारी स्प्रिंग तुमच्या आर्मवर साफ चुकू शकते.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात साधा शॉक म्हणजे एकाच नळीत तेल आणि वायू एकत्र असलेला. स्वस्त, हलका. पण लांब फेरीत तेल तापतं, त्यात फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. रिझर्व्हायर असलेल्या शॉकमध्ये नायट्रोजन सरकत्या पिस्टनने किंवा रबरी पिशवीने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे फेस धरत नाही आणि तेल जास्त असल्याने उष्णताही वाटली जाते. वाळवंटात चालवणार असाल तर रिझर्व्हायर नसलेला शॉक घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर किंमत वाढते ती फिरवायच्या बटणांची. कॅनडातल्या क्युबेकची एल्का 'स्टेज' अशा आकड्यांनी शॉक विकते. आकडा चढत जातो तशी जुळवणीची सोय वाढत जाते. वरचा आकडा म्हणजे आपोआप चांगली चाल असं मात्र नाही. रिबाउंड आणि कॉम्प्रेशन अशी दोन बटणं नीट लावता येणाऱ्याला चार बटणांच्या शॉकपेक्षा जास्त सुख मिळतं.

स्प्रिंगांच्या रचनेकडे नीट बघा. चांगल्या पुढच्या शॉकवर बहुधा एकावर एक दोन किंवा तीन स्प्रिंगा असतात. वरची छोटी मऊ, खालची मुख्य कडक. दोन्ही एकदम दबत असताना मिळणारा कडकपणा कोणत्याही एकीपेक्षा कमी असतो. १०० आणि १५० पौंडांच्या दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या की दोघी मिळून ६० च होतात. मधली प्लास्टिकची कडी ठरावीक जागी अडली की छोटी स्प्रिंग कामातून बाद होते आणि तिथून पुढे एकटी १५० ची स्प्रिंग उरते. या बदलाच्या जागेला क्रॉसओव्हर म्हणतात. छोटे दगड ६० वर, मोठी उडी १५० वर, ही त्यामागची कल्पना. 'झिरो प्रीलोड' नावाने विकले जाणारे शॉक याच तत्त्वावर चालतात: शॉक पूर्ण लटकलेला असताना स्प्रिंग जेमतेम टेकलेली, आणि क्वाड जमिनीवर ठेवताच मऊ स्प्रिंग दबून ती योग्य उंचीवर बसते.

हवेवर चालणारे शॉक हा वेगळा प्रकार. फॉक्सचे फ्लोट त्यातले सगळ्यांना माहीत असलेले. पुण्या-नाशिकच्या कॉलेजांत बाहा स्पर्धेसाठी एक आसनी गाडी बांधलेल्या मुलांनी हे नाव नक्की ऐकलेलं असतं, कारण हलके असल्याने आणि पंपाने कडकपणा बदलता येत असल्याने अनेक संघ ते निवडतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

जुने शॉक घेताना

मी पहिला लाँग ट्रॅव्हल संच जुना घेतला. चकाचक होता, गळती नव्हती, किंमत निम्मी. तीन सहली मी क्लिकर, म्हणजे शॉकवरची टकटक खाचांनी फिरणारी बटणं, उघडत गेलो. कॉम्प्रेशन पूर्ण सैल, रिबाउंड जवळजवळ पूर्ण सैल, तरी पुढची चाकं दगडावरून टणाटण उडायची आणि रात्री बोटं बधिर व्हायची. शेवटी शॉक काढून एका कारागिराकडे नेले. त्याने स्प्रिंगवर छापलेला आकडा वाचला आणि माझं वजन विचारलं. त्या स्प्रिंगा माझ्यापेक्षा किमान ३० किलो जड माणसासाठी होत्या. मी ज्या बटणांशी झगडत होतो त्यांचा या दुखण्याशी संबंधच नव्हता. क्लिकर तेलाचा वेग ठरवतो. वजन उचलायचं काम स्प्रिंगचं.

म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते असं: आधीच्या चालकाचं वजन, कोणत्या क्वाडवर आणि कोणत्या आर्मवर होते, कशासाठी व्हॉल्व्हिंग केलं होतं, शेवटचं तेल कधी. मग हातात घेऊन बघा. दांड्यावर नख फिरवा; नखाला अडेल असा ओरखडा असेल तर तो नवं सीलही फाडणार. शॉकच्या टोकाच्या भोकातली (त्याला डोळा म्हणतात) गोल बेअरिंग खडखडते का ते पाहा. शॉक दाबून सोडा. दांडा एकसारखा बाहेर यायला हवा. मध्येच गपकन मोकळा झाला तर तेल कमी आहे किंवा वायू गेला आहे. आणि किमतीत नव्या स्प्रिंगा व पूर्ण सर्व्हिसचा खर्च आधीच धरा. तो धरूनही स्वस्त पडत असेल तरच घ्या.

बसवणी

फ्रेमखाली जॅक किंवा स्टँड लावून चारही चाकं हवेत लटकू द्या. नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट नवे घ्या, आणि बोल्ट किती आवळायचे ते मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्ह्याने. रिझर्व्हायरची नळी आर्मला किंवा ब्रेकच्या नळीला घासत नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा.

आता एक काम जे जवळजवळ सगळे टाळतात. शॉकवरून स्प्रिंगा उतरवा, शॉक तसाच बसवा आणि चाक हाताने अगदी वरपासून अगदी खालपर्यंत हलवा. बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) कुठे अडतोय, ब्रेकची नळी ताणली जातेय, टायर फूटरेस्टला लागतोय, हे सगळं गॅरेजमध्येच दिसतं. मूळ आर्मवर चुकीच्या लांबीचा शॉक बसवला असेल तर पूर्ण लटकलेल्या स्थितीत बॉल जॉइंटची खुंटी तिरकी होऊन घरावर टेकलेली दिसेल. तसं दिसलं तर थांबा. चालत्या क्वाडचा बॉल जॉइंट तुटणं म्हणजे थेट इस्पितळ.

मागच्या शॉकखालच्या लिंकेजची, म्हणजे शॉकला जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंग त्याच वेळी उघडून ग्रीस भरा. सुकलेल्या लिंकेजचा दोष मी कित्येकदा शॉकच्या माथी मारलेला पाहिला आहे.

रिझर्व्हायरच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, तिकडे हात लावू नका. आत बहुधा १५० ते २०० पीएसआय दाबाचा नायट्रोजन असतो. टायरचा गेज लावला तर मोजतानाच बराचसा वायू निघून जातो, आणि दाबाखालचं झाकण सैल केलं तर ते गोळीसारखं सुटू शकतं. ते काम नायट्रोजनचं नळकांडं असलेल्या माणसाचं.

सॅग आणि उंची

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरा. क्वाडच्या टायरमध्ये दाब जेमतेम ४-६ पीएसआय असतो आणि एका पीएसआयनेही चाल बदलते. टाकी अर्धी भरलेली, जमीन सपाट सिमेंटची, मदतीला एक माणूस, अंगावर सगळा सरंजाम.

मागून सुरुवात करा. चाकं लटकलेली असताना आसाच्या मध्यापासून वरच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंत अंतर मोजा आणि लिहा. मग क्वाड खाली उतरवून वर बसा, दोन-तीनदा उसळी द्या, आणि काही फूट पुढे ढकलवून घ्या. हे ढकलणं फार महत्त्वाचं आहे. क्वाड खाली बसते तेव्हा पुढची चाकं बाजूला पसरतात. जागेवरच उभी असेल तर टायर सिमेंटला धरून ठेवतो आणि क्वाड खरी बसायला हवी त्याहून वर अडकते. ढकलल्यावर पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. तो चाकाच्या एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवा. वायएफझेडच्या मागच्या ११ इंचांत साधारण साडेतीन इंच, पुढच्या ९.८ इंचांत सव्वातीन.

सॅग जास्त असेल तर प्रीलोडची कडी आवळा, कमी असेल तर सैल करा. कडीवरचे आटे स्वच्छ करून थोडं तेल टाका, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे चावले जातात. दोन्ही पुढच्या शॉकचे फेरे सारखे.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा पक्का गैरसमज आहे. साध्या एकसारख्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कडीने फक्त क्वाड उभी राहण्याची उंची बदलते. स्प्रिंग बरोबर आहे का हे तपासायची युक्ती अशी: तुम्ही बसलेले असताना मागचा सॅग बरोबर लावा, मग उतरा आणि क्वाड स्वतःच्या वजनाने किती बसते ते मोजा. जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तिला कडीने जबरदस्तीने दाबून धरलंय. खूपच बसत असेल, तर स्प्रिंग कडक. ऐकताना उलटं वाटतं, पण कागदावर काढून पाहा, पटेल. पुढच्या झिरो प्रीलोड शॉकना ही कसोटी लावू नका.

पुढची उंची फ्रेमच्या खालच्या नळीपासून जमिनीपर्यंत, चालक बसलेला असताना मोजा. शॉक बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर मोटोक्रॉससाठी ९ ते ९.५ इंच आणि झाडीतल्या वाटांसाठी १० च्या वर, इथून सुरू करा. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित खाली. उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतोच, म्हणून सर्वात शेवटी टाय रॉड जुळवून टो मॅन्युअलप्रमाणे करा. हे राहून गेलं की लोक सरळ रस्त्यावर भटकणाऱ्या हँडलसाठीही शॉकला दोष देतात.

आता क्लिकर

प्रत्येक बटण घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करा आणि तिथून बाहेर मोजत या. जोर लावलात तर आतली सुई बसण्याची जागा खराब होते. सध्याचे आकडे वहीत लिहा, मग बनवणाऱ्याच्या शिफारशीवर आणा. शॉकच्या दांड्यावर एक ओ-रिंग किंवा केबल टाय सरकवून ठेवा. फेरी संपल्यावर ती कुठवर गेली त्यावरून किती हालचाल वापरली गेली ते दिसतं.

दोन-तीन मिनिटांची एकच वाट ठरवा. पहिली १० मिनिटं तेल गरम होऊ द्या. त्यानंतर एका वेळी एकच बदल, दोन-दोन क्लिक.

मी रिबाउंडपासून सुरू करतो, कारण ते चुकलं असेल तर बाकी काही कळत नाही. मागची बाजू जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन स्थिर व्हावी, पुन्हा डुलू नये. मग व्हूप्समध्ये जा. मागची उसळी पहिल्याच उंचवट्यापासून असेल तर रिबाउंड फार जलद आहे, दोन क्लिक बंद करा. पहिले तीन-चार उंचवटे छान जाऊन पुढे क्वाड खाली खाली बसत जात असेल आणि मग लाथ मारत असेल, तर शॉकला परत उघडायला वेळच मिळत नाहीये. रिबाउंड दोन क्लिक उघडा. वरून दोन्ही उसळ्या सारख्याच वाटतात, उपाय मात्र उलटे. सुरुवातीला सांगितलेली ग्लॅमिसची संध्याकाळ बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातली असते.

कॉम्प्रेशनच्या 'लो' आणि 'हाय' स्पीडचा क्वाडच्या वेगाशी संबंध नाही. दांडा किती वेगाने आत जातो त्याचा हा वेग. वळणावर कलणं, ब्रेक मारताच नाक खाली जाणं या सावकाश हालचाली, म्हणून त्यांना लो स्पीड. दगडावर आदळणं, उडीवरून सपाट जमिनीवर पडणं ही हाय स्पीडची कामं. वळणात क्वाड फार कलत असेल तर लो स्पीड दोन क्लिक बंद करा. छोट्या दगडांवर हात थरथरत असतील तर उघडा. हाय स्पीडचं बटण बहुधा मोठा षटकोनी नट असतो. तो पाव-पाव फेरा फिरवा.

ओ-रिंग सगळ्यात मोठ्या उडीनंतर टोकापर्यंत जवळजवळ पोहोचायला हवी. कधीच पोहोचत नसेल तर तुम्ही विकत घेतलेली हालचाल वाया जातेय. प्रत्येक खड्ड्यात टेकत असेल तर आधी हाय स्पीड वाढवा, मग क्रॉसओव्हरची कडी अशी सरकवा की मुख्य स्प्रिंग लवकर एकटी पडेल. तरीही टेकत असेल तर स्प्रिंगच मऊ आहे. क्लिकर पहिल्या किंवा शेवटच्या दोन खाचांत येऊन थांबला तर तो सांगतोय की काम आतल्या व्हॉल्व्हिंगचं किंवा स्प्रिंगचं आहे.

हवेच्या शॉकबद्दल

यात स्प्रिंग म्हणजे बंद हवाच, त्यामुळे तापमान मध्ये येतं. वाळवंटात सकाळी ५ अंश आणि दुपारी २५ अंश ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट. सकाळी ६० पीएसआय भरलेला शॉक दुपारी साधारण ६५ दाखवेल, तेही उन्हाच्या हवेनेच. चालवून तापलेल्या शॉकचं वेगळं. म्हणून दाब नेहमी शॉक थंड असताना, चाकं लटकलेली ठेवून, एकाच वेळेला तपासा. साधा टायरचा पंप चालत नाही, शॉकचा छोटा हातपंप लागतो. पंप पुन्हा जोडला की नळीत थोडी हवा शिरून आकडा आधीपेक्षा कमी दिसतो; ती गळती नसते. डावा-उजवा दाब एका पीएसआयच्या आत सारखा ठेवा. इव्हॉल प्रकारच्या शॉकमध्ये दुसरी हवेची कोठी असते. मुख्य कोठीने उंची लावा आणि दुसरीने शेवटची हालचाल; शॉक टेकत असेल तर दुसऱ्या कोठीत थोडी हवा वाढवा.

वहीतल्या नोंदी आणि तेल

क्वाडला तास मोजणारं मीटर नसेल तर स्वस्तातलं एक बसवा. शर्यतवाले २० ते ४० तासांत तेल बदलतात. महिन्यातून एक-दोनदा चालवणाऱ्याने वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, तिन्ही शॉक सर्व्हिसला द्यावेत. ऑक्टोबरमध्ये सगळेच देतात, म्हणून ऑगस्टमध्ये द्या. धुताना प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका. वाळू आत ढकलली जाते.

आणि वही क्वाडच्या पेटीतच राहू द्या. माझ्या वहीत ग्लॅमिसच्या पानावर सध्या असं लिहिलं आहे: मागचं रिबाउंड दोन क्लिक उघडं, पुढचं हाय स्पीड पाव फेरा बंद, टायर ५ पीएसआय, संध्याकाळचे व्हूप्स शेवटपर्यंत सरळ.